गळा शाबूत होता, कान गेले

बेंजामिन लक्सन 25 जुलै 2024 रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, सँडिसफील्ड नावाच्या लहान गावी वारले. वय 87 होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ब्रिटनच्या पहिल्या रांगेतल्या बॅरिटोन गायकांत त्यांची गणना होते. बॅरिटोन ही पुरुषी आवाजाची मधली जात. खर्जात वावरणाऱ्या बासच्या वर आणि टिपेला जाणाऱ्या टेनॉरच्या खाली. ऑपेरात प्रियकर बहुधा टेनॉर असतो. बाप, भाऊ, सरदार, प्रतिस्पर्धी, फासेपारधी ही माणसे बॅरिटोनच्या वाट्याला येतात. बोलण्याच्या आवाजाला सर्वांत जवळचा गाता आवाज हाच, असे मला नेहमी वाटत आले आहे.

1990 च्या सुमारास लक्सन यांची श्रवणशक्ती ढासळू लागली. तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. बॅरिटोनचा आवाज या वयात पिकलेला असतो, पुढची दहा वर्षे हक्काची असतात. काही वर्षांतच ऑपेराचा रंगमंच त्यांना सोडावा लागला. गळ्याला काही झाले नव्हते, फुप्फुसे धडधाकट होती, गेले ते कान.

मी नागपुरात जन्मभर श्रवणतज्ज्ञ म्हणून काम केले. माझ्या टेबलासमोर कापडगिरणीत मागावर काम करून बहिरे झालेले कामगार बसले, जन्मतः न ऐकणारी मुले मांडीवर घेऊन आया बसल्या, भजनी मंडळातले पेटीवाले बसले. या सगळ्यांत गाणाऱ्या माणसाचे दुःख वेगळे असते. त्या दुःखातून जो प्रश्न उभा राहतो तो वैद्यकाचा नाही, धर्माचा आहे. ज्या गुणामुळे मी मी झालो, तो गुण गेला तर माझा स्वधर्म कोणता उरला?

हा प्रश्न मला लक्सन यांच्या आयुष्यातून मांडायचा आहे. त्याचे कारण त्यांची सर्वांत गाजलेली भूमिकाच स्वधर्मावरची होती.

ते 1937 साली कॉर्नवॉलमध्ये, रेडरूथ या गावी जन्मले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा हा कथील आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. इथल्या खाणी बसल्यावर इथले खाणकामगार जगभर पांगले. आपल्या शेजारी कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ते आले होते. रेडरूथजवळ ग्वेनॅप पिट नावाचा एक गोल खळगा आहे. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने 1762 ते 1789 या काळात तिथे अठरा वेळा प्रवचन केले. मेथडिस्टांचा धर्म गाऊन चालतो. गिरिजाघरात सगळी मंडळी मिळून स्तोत्रे गातात आणि खाणकामगारांचे पुरुषी वृंदगान हा त्या मुलखाचा अभिमान आहे. लक्सन या मातीत वाढले. गाणे हा व्यवसाय असतो हे कळण्याआधी गाणे म्हणजे चार लोकांत उभे राहणे, हे त्यांच्या कानावर पडले असणार.

पण ते शिकले व्यायामशिक्षक व्हायला. लंडनच्या ईस्ट एंड या कष्टकरी वस्तीतल्या मुलांना कवायत आणि खेळ शिकवत असताना त्यांनी गिल्डहॉल संगीतशाळेत वॉल्टर ग्रूनर यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. ग्रूनर जर्मन भावगीतांचे जाणकार. त्या परंपरेत कविता आधी आणि आवाज मागून. शब्द नीट कळला नाही तर सूर कितीही सुंदर लागो, ते गाणे फसले असे मानतात. ही शिकवण लक्सन यांना पुढे कुठल्या वळणावर उपयोगी पडणार होती, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

1963 मध्ये ते इंग्लिश ऑपेरा ग्रूपमध्ये आले. ही बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची मंडळी. 1964 च्या सोव्हिएत दौऱ्यात लक्सन यांनी ब्रिटनच्या ऑपेरांतल्या भूमिका केल्या. ब्रिटन गायक पारखून भूमिका लिहिणारा माणूस होता, आपल्याकडे नाटककार एखाद्या नटाला डोळ्यांसमोर ठेवून लिहीत तसा. बीबीसीने त्याच्याकडे दूरचित्रवाणीसाठी ऑपेरा मागितला, तेव्हा त्याने मुख्य भूमिका लक्सन यांच्या आवाजासाठी लिहिली. तो ऑपेरा म्हणजे ‘ओवेन विंग्रेव्ह’. 16 मे 1971 रोजी तो प्रथम प्रसारित झाला.

मूळ कथा हेन्री जेम्सची, 1892 सालची. ओवेन हा विंग्रेव्ह घराण्याचा शेवटचा वारस. पिढ्यान्‌पिढ्या सैनिक दिलेले घराणे. पॅरामोर नावाचा वाडा, भिंतीवर गणवेशातल्या पूर्वजांची चित्रे. ओवेन लष्करी परीक्षेसाठी शिकवणीला आहे, हुशार आहे, आणि एके दिवशी तो सांगतो की मी सैन्यात जाणार नाही, युद्ध हे पाप आहे. घरचे त्याच्यावर तुटून पडतात. आजोबा सर फिलिप त्याला वारशातून काढतात. जिच्याशी लग्न ठरल्यासारखे आहे ती केट त्याला भित्रा म्हणते. वाड्यात एक खोली आहे. पूर्वी एका विंग्रेव्हने भांडायला नकार देणाऱ्या आपल्या लहान मुलाला तिथे मारले आणि नंतर स्वतःही त्याच खोलीत मेलेला सापडला. भित्रा नसशील तर त्या खोलीत रात्र काढ, असे केट म्हणते. ओवेन जातो. दार उघडतात तेव्हा तो मेलेला असतो.

दुसऱ्या अंकात, वारसा गेल्यानंतर, ओवेन एकटा त्या चित्रांसमोर उभा राहून शांतीविषयी गातो. बालीच्या वाद्यमेळाची आठवण देणारे घंटांसारखे तालवाद्यांचे नाद त्याच्या आवाजाखाली लहरत राहतात. लक्सन इथे आवाज चढवत नाहीत. एवढा मोठा छातीचा आवाज असलेला माणूस तो आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर ठेवतो, जणू शांती ही मोठ्याने सांगायची गोष्टच नाही. मुंबईत शिकत असताना मी दादरच्या पारशी कॉलनीत एका बाईंकडे राहत होते. त्यांच्याकडच्या तबकड्यांमध्ये ब्रिटनने स्वतः संचालन केलेले हे ध्वनिमुद्रण होते. त्यांनी ते मला एका सुटीच्या दिवशी सबंध ऐकवले आणि मध्ये मध्ये थांबवून गोष्ट सांगितली.

मी मूळची वर्ध्याची. विनोबांच्या आश्रमाचे पवनार आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या घरी रविवारी वडील विनोबांच्या ‘गीता प्रवचने’मधला एकेक भाग मोठ्याने वाचत. ही प्रवचने विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात, रविवारी रविवारी दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यामुळे ओवेनची गोष्ट ऐकताना माझ्या डोक्यात पहिला आला तो अर्जुन. तोही क्षत्रिय, तोही ऐन वेळी शस्त्र टाकतो. भगवंत त्याला लढायला लावतात, मग ओवेनला काय म्हणायचे? तो स्वधर्म टाकणारा ठरतो का?

विनोबांनी पहिल्याच प्रवचनात यावर एक कसोटी दिली आहे. ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिलेली असते, पण एके दिवशी स्वतःचा मुलगा पिंजऱ्यात उभा राहतो आणि न्यायाधीशाला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचे तसे झाले, असे विनोबा म्हणतात. त्याला हिंसेचा वीट आलेला नव्हता. समोर आपली माणसे दिसली म्हणून त्याला अहिंसेचे तत्त्वज्ञान सुचले.

ही कसोटी ओवेनला लावून पाहा. अर्जुनाची माणसे त्याच्या हातातले धनुष्य खाली ओढत होती. ओवेनची माणसे त्याच्या हातात तलवार कोंबत आहेत. आजोबा, आत्या, होणारी बायको, भिंतीवरचे पूर्वज, सगळे युद्धाच्या बाजूला आहेत. नकार दिल्याने त्याचा घर, पैसा, प्रेम यांतला एकही पाश राखला जात नाही, उलट सगळे तुटतात. म्हणजे त्याचा नकार मोहातून आलेला नाही. विनोबांच्याच मापाने ओवेन खरा उतरतो, आणि विनोबांनाही ते मान्य झाले असते अशी माझी खात्री आहे. कारण गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले, तेव्हा 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला विनोबांनी जे भाषण केले ते युद्धात सहभागी न होण्याचे होते, आणि त्यासाठीच ते तुरुंगात गेले. आणि तिकडे संगीतकार ब्रिटनही 1942 मध्ये अमेरिकेतून इंग्लंडला परतला, लवादासमोर उभा राहिला आणि शस्त्र धरायला सद्‌सद्विवेकाने नकार देणारा म्हणून त्याची नोंद झाली. एकाच महायुद्धात, दोन देशांत, दोन माणसांनी सरकारला सारखेच उत्तर दिले. त्यांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते.

तेव्हा स्वधर्म जन्माने, घराण्याने, भिंतीवरच्या चित्रांनी ठरतो, हे मत मला मान्य नाही. ‘ओवेन विंग्रेव्ह’ ऐकल्यापासून ते अधिकच अमान्य झाले. ज्याच्या अंगी जो गुण, तो त्याचा धर्म, हे उत्तर माझ्या पिढीने सरसकट स्वीकारले. मुलाचा कल पाहा, त्याला गाऊ द्या, चित्रे काढू द्या. लक्सन यांचे पुढचे आयुष्य या उत्तराचीच साक्ष वाटते. 1972 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवात मोंतेव्हेर्दीच्या ऑपेरात ते राजा युलिसिस झाले, जॅनेट बेकर त्याची राणी पेनेलपी. त्याच वर्षी लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात ते प्रथम उभे राहिले. 1973 मध्ये मोझार्टच्या ‘फिगारो’तला काउंट, 1977 मध्ये डॉन जिओव्हानी, 1978 मध्ये चित्रकार डेव्हिड हॉकनीच्या पडद्यांपुढे ‘मॅजिक फ्लूट’मधला फासेपारधी पापागेनो. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात चायकॉव्हस्कीचा ओनेगिन. 1986 मध्ये ब्रिटिश सरकारने सीबीई हा किताब दिला. जोडीला ते बिल क्रोफट या अमेरिकन बँजोवादकाबरोबर लोकगीते गात आणि रॉबर्ट टिअर या टेनॉरबरोबर व्हिक्टोरियन काळातली घरगुती युगुलगीते. मोठ्या गायकांपैकी कित्येकांना असल्या गाण्यांत कमीपणा वाटतो. लक्सन ती गाणी मनापासून गात, कॉर्नवॉलच्या त्या वृंदगानाची सवय सुटली नव्हती म्हणून असेल.

मग कान गेले.

कान जाणे म्हणजे काय होते ते मला थोडे खोलात सांगू द्या. आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत, सुमारे साडेतीन हजार पेशींची एक रांग असते. आवाजाचे मज्जासंदेशात रूपांतर मुख्यतः त्या करतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत वरच्या पट्टीच्या पेशी आधी जातात. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय साठ-सत्तर वाद्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, ते आवाजातल्या एका खास झंकारामुळे. हा झंकार 3000 हर्ट्झच्या आसपास असतो. श्रवणाचा आलेख नेमका तिथेच कोसळू लागला की गायकाला स्वतःच्या आवाजातली धार ऐकू येईनाशी होते. तो ती आणायला जोर लावतो, आणि जोर लावला की सूर बिघडतो. शिवाय आपण आपला आवाज दोन वाटांनी ऐकतो, हवेतून आणि हाडांतून. दोन्हींचा तोल जन्मभराच्या सवयीने बसलेला असतो. तो बिघडला की स्वतःचा आवाज परक्याचा वाटतो. काहींना एकच सूर डाव्या कानाला एक आणि उजव्याला थोडा वेगळा ऐकू येतो. माझ्यासमोर बसलेल्या एका पेटीवाल्याने हे मला सांगितले तेव्हा तो रडत होता. पेटी बिघडली असे समजून त्याने ती दोनदा दुरुस्तीला टाकली होती.

श्रवणयंत्र बोलणे समजावे म्हणून बनवलेले असते. ते संगीताला चेपते. कॉक्लिअर इम्प्लांट तर त्या हजारो पेशींचे काम बारा ते बावीस विद्युत्‌टोकांवर सोपवते. शब्द कळतात, दारावरची घंटा कळते, नातवाची हाक कळते. रागातला कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांतला फरक बहुतेकांना कळत नाही. हे मी माझ्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधीच स्पष्ट सांगत असे, कारण खोटी आशा देणे हे माझ्या व्यवसायातले मोठे पाप मानते.

माझ्याकडे वारकरी परंपरेतले एक कीर्तनकार महाराज येत असत. गाव यवतमाळकडचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना टाळ सहन होत नव्हते. हे बाहेरच्याला विचित्र वाटते: माणूस बहिरा, आणि त्याला टाळांचा त्रास? पण असेच होते. हलके आवाज पोचत नाहीत आणि मोठे आवाज एकदम अंगावर येतात. मागे टाळकरी उभे राहिले की त्यांचे डोके फुटायची वेळ येई आणि पखवाजाची साथ मात्र ऐकू येत नसे. सूर सुटायचा, टाळकऱ्यांनी धरलेली चाल एकीकडे आणि महाराज दुसरीकडे. एकदा त्यांनी मला विचारले, “डॉक्टरबाई, गावात सगळे म्हणतात देवानं दिलं, देवानं नेलं. मंग माहं काय होतं जी त्याच्यात?”

मी त्यांना तेव्हा काही उत्तर दिले नाही. यंत्राचे मोजमाप घेतले.

देवाने दिले आणि देवाने नेले, हे वाक्य मी त्या टेबलावर इतक्यांदा ऐकले की त्याचा मला राग येतो. त्याचा एक जुळा भाऊ आहे, ‘पूर्वजन्मीचे फळ’. न ऐकणाऱ्या बाळाच्या आईला सासरची माणसे हे ऐकवतात आणि ती बाई तपासणीचे मौल्यवान महिने व्रतवैकल्यांत घालवते. तिसरे वाक्य अधिक सुशिक्षित घरांत असते: ‘ही परीक्षा आहे’. ईश्वर जर साडेतीन हजार पेशी मारून माणसाची परीक्षा घेत असेल, तर त्या ईश्वराला मी हात जोडणार नाही. माझी श्रद्धा आहे, रोज संध्याकाळी दिवा लावते, आणि श्रद्धा आहे म्हणूनच हे म्हणते. ओवेनने युद्धाची परीक्षा नाकारली, पण खोलीची परीक्षा स्वीकारली. भित्रा नाही हे सिद्ध करायला तो आत गेला आणि मेला. सिद्ध करण्याचे काहीच नव्हते. परीक्षा म्हणून समोर ठेवलेली प्रत्येक गोष्ट परीक्षा नसते. कधी ते घराण्याचे भूत असते, कधी नुसता रोग.

अनासक्तीचा उपदेशही मला या ठिकाणी स्वस्त वाटतो. ज्याचे काही गेलेले नाही तो ज्याचे गेले त्याला सांगतो की हे तुझे नव्हतेच. आवाज लावायला पंचवीस वर्षे घातलेली असतात. पहाटेचा खर्ज, जेवणाखाण्याची पथ्ये, परक्या भाषांतले उच्चार तासन्‌तास घोटणे. ते सगळे त्या माणसाचे आहे. महाराजांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच होते, मला ते फार उशिरा सुचले: महाराज, तुमचे बरेच काही होते त्यात. गेल्याचे रडू येणार, येऊ द्या.

आणि तरीही प्रश्न राहतोच. गुण हा स्वधर्म असेल तर गुण गेल्यावर माणूस धर्महीन झाला काय? लक्सन यांनी काय केले ते इथे मला महत्त्वाचे वाटते. ते अमेरिकेत बर्कशायरच्या डोंगराळ भागात राहू लागले. बिल क्रोफट 1999 मध्ये वारले होते, पुढे त्यांच्या पत्नी सूझन यांच्याशी लक्सन यांनी विवाह केला. गाणे गेल्यावर त्यांनी निवेदन सुरू केले, कवितांचे जाहीर वाचन सुरू केले. वाद्यवृंदाच्या साथीने जे बोलून सादर करायचे असते ते केले. सुराला कानाचा पहारा लागतो. बोलण्याला तो थोडा कमी लागतो, कारण जिभेची, ओठांची, श्वासाची सवय पुष्कळ काळ मार्ग दाखवते. ज्या माणसाने आधी कविता, मग आवाज, असे शिक्षण घेतले होते, त्याच्याकडून आवाजाचे वैभव गेले आणि कविता त्याच्या हाती राहिली. ती त्याने लोकांना देणे थांबवले नाही.

इथे मला स्वधर्माचा तिसरा अर्थ दिसतो. जन्माने मिळालेला नव्हे, गुणाने मिळालेलाही नव्हे. समोर जो ऐकणारा बसला आहे त्याचे आपण काही देणे लागतो, आणि ते देणे फेडायची रीत बदलली तरी देणे संपत नाही. विनोबांनी अठराव्या अध्यायावर बोलताना स्वधर्म बदलत जातो हेही सांगितले आहे. वृत्ती बदलली की धर्म बदलतो, जुन्यालाच कवटाळून बसण्यात हित नाही. लहानपणी हे वाक्य माझ्या कानावरून गेले होते. तिथे मी एक भर घालीन: शरीर बदलले तरी धर्म बदलतो, आणि हा बदल पराभव नाही.

यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला सुनावले होते की ही तडजोड आहे, तिला धर्म कशाला म्हणायचे. डॉन जिओव्हानी गाणारा माणूस कविता वाचू लागला, तर ते कमीच झाले ना? हो, कमी झाले. मी ते नाकारत नाही. ग्लाइंडबोर्नच्या युलिसिसचे चित्रीकरण पाहिले की काय गेले ते कळते. मोंतेव्हेर्दीच्या युलिसिसच्या ऑपेराची सुरुवातच मुळी मानवी दुर्बलतेपासून होते. काळ, दैव आणि प्रेम तिला सांगतात की आम्ही तुला हवे तसे फिरवू. मग वीस वर्षांनी घरी आलेला राजा म्हाताऱ्या भिकाऱ्याच्या वेषात उभा राहतो. धनुष्य वाकवून दाखवले तरी बायको ओळखत नाही. शयनगृहातल्या रेशमी पांघरुणावर डायनाचे चित्र होते, हे तो सांगतो तेव्हा ओळखते. म्हणजे पराक्रमाने तो ओळखला गेला नाही. दोघांत जे ठाऊक होते त्यावरून ओळखला गेला. लक्सन यांनी ही भूमिका पस्तिशीत केली. पुढे कविता वाचायला उभे राहिल्यावर त्यांना ओळखणारे श्रोते त्यांना कशावरून ओळखत असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आवाजाच्या आकारावरून नसेल. शब्द पुढच्यापर्यंत पोचवण्याची जी काळजी ओवेनच्या त्या शांतीच्या गाण्यात होती, तिच्यावरून असेल.

आमच्या महाराजांनी शेवटी कीर्तन सोडले आणि प्रवचन धरले. कीर्तन उभ्याने, गाऊन, टाळमृदंगाच्या साथीने होते. प्रवचन बसून, बोलून. मागे टाळ नाहीत म्हणून डोके दुखत नाही, सुराची साथ नाही म्हणून सूर सुटत नाही. अभंग तेच, ते आता गायचे नाहीत, सांगायचे. पहिल्या वर्षी त्यांना फार कमीपणा वाटला. सप्ताहाला बोलावणाऱ्यांनी काल्याचे कीर्तन दुसऱ्याला दिले आणि यांना दुपारची वेळ दिली. दुपारी मंडपात म्हाताऱ्या बायका आणि झोपाळलेली पोरे. पण त्या बायका पुढे सरकून बसू लागल्या, कारण त्यांनाही कमी ऐकू येत होते आणि महाराज आता सावकाश, शब्द तोडून, तोंड दिसेल असे बोलत. स्वतः बहिरा झालेल्याला बहिऱ्याशी कसे बोलावे ते कळले होते. हे मला त्यांच्या मुलाने सांगितले.

श्रवणतज्ज्ञ म्हणून एक आणि वर्ध्याची मुलगी म्हणून एक, अशा दोन विनंत्या करते. गाणारे, वाजवणारे, शिकवणारे कोणी तुमच्या घरात असेल आणि ते ‘पेटी बिघडली’, ‘माइक खराब आहे’, ‘हल्ली लोक नीट बोलत नाहीत’ असे म्हणू लागले, तर वेळ न दवडता त्यांचे कान तपासून घ्या. आणि ज्यांचे कान गेलेच आहेत अशा कीर्तनकाराला, शाहिराला, गवयाला शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवू नका. त्यांना बोलायला सांगा आणि त्यांना तुमचे ओठ दिसतील असे समोर बसा.